मामांच्या शब्दावर खपलेले खडू

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी एकदा तास संपायला पाच मिनिटं असताना पुस्तक मिटलं आणि विचारलं, "नोकरीच्या मागे न लागता स्वतःचा धंदा कोण काढणार आहे? हात वर करा."

एकोणीसशे सत्तर साल होतं. नगरच्या कॉलेजातला आमचा वर्ग चांगला मोठा, पण चारच हात वर आले. दोन कापडबाजारातल्या दुकानदारांच्या मुलांचे, एक आडत्याच्या मुलाचा. त्यांत नवल नव्हतं. चौथा हात माझ्या शेजारून वर आला, आणि मी त्या हाताच्या मालकाकडे बघतच राहिलो.

तो मिशनच्या प्राथमिक शाळेतल्या एका शिक्षकाचा मुलगा. तीन वर्षं आम्ही एकाच बाकावर बसत होतो. त्याच्या घरात कुणी कधी तागडी हातात धरलेली नव्हती. मी शेवगावच्या पुढच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. हॉस्टेलवर आमच्यासारखीच सगळी पोरं. आमच्या गप्पा म्हणजे साखर कारखान्यात केमिस्टची जागा कधी निघणार, बँकेत कुणाची ओळख आहे, बी.एड. केलं तर हायस्कूलात चिकटता येईल का. धंदा ही आमच्या लेखी दुसऱ्या कुणीतरी करायची गोष्ट होती.

तास सुटल्यावर मी त्याला गाठलं. "काय काढणार तू?"

"खडू."

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "घरी चल, मग सांगतो."

त्याचं घर गावातच होतं, त्यांच्या ख्रिस्ती लोकांच्या वस्तीत. पुढे मोठं अंगण आणि अंगणात कडुनिंब. रविवारी प्रार्थना आटोपली की नातेवाईक, शेजारीपाजारी तिथेच टेकायचे. मी पहिल्यांदा गेलो तो रविवारच होता. त्याच्या वडिलांची तक्रार चालली होती की शाळेला येणारे खडू फळ्यावर किंचाळतात, निम्मे तर खोक्यातच मोडलेले निघतात. त्याची मावशी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायच्या खोलीत. ती म्हणाली, "प्लास्टरपासूनच तर होतात खडू. आमचा व्यापारी मी सांगते. पाणी मात्र कोमट घ्या, लवकर धरतं." शेजारी एक लेथवाले चाचा राहत होते. त्यांनी जमिनीवर काडीने रेघा मारून साच्याचा आकारच काढून दाखवला. लाकडाच्या वखारीत कामाला असलेले त्याचे काका म्हणाले, "खोक्यात घालायला भुसा लागेल तेवढा न्या, फेकूनच देतो आम्ही."

अर्ध्या तासात एक कारखाना त्या अंगणात उभा राहिला. मी आ वासून ऐकत होतो.

आमच्या घरी ओळखी नव्हत्या असं नाही. त्याच्या घरापेक्षा दसपटीने जास्त होत्या. माझे मामा आमच्या भागातले मोठे पुढारी. त्यांच्या ओट्यावर सकाळपासून माणसांची रीघ असायची. पण त्या ओट्यावर मी जे ऐकत लहानाचा मोठा झालो ते एवढंच: अमक्याला चिकटवा, तमक्याची बदली थांबवा, फलाण्याच्या कागदावर सही घ्या. ओळखीतून एखादी वस्तू तयार होऊ शकते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. धंद्याची हौस मला कुठल्या पुस्तकातून लागली नाही. ती त्या कडुनिंबाखाली लागली, आणि लागली ती अशी की हॉस्टेलवर परतताना मी त्याला सांगून टाकलं, "मीपण येतो."

दिवाळीच्या सुमारास पहिला साचा हाती आला. पितळी, दोन अर्ध्यांचा, मध्ये खाचा. त्याला रॉकेल आणि शेंगदाण्याचं तेल एकत्र करून पुसायचं, प्लास्टर कालवून ओतायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि साचा उघडायचा. पहिल्या दिवशी साच्यातून नुसते तुकडे निघाले. तिसऱ्या दिवशी सरळ, पांढरेशुभ्र खडू बाहेर आले तेव्हा आम्ही दोघं अंगणात नाचलो. त्याची आई दारातून बघून हसत होती.

त्याचे वडील हसले नाहीत. शाळेतून आले, एक खडू उचलला, घरातल्या पाटीवर ओढला. मोडला. दुसरा ओढला. तोही मोडला.

"हा खडू नाही," ते म्हणाले. "हा चुन्याचा गोळा आहे. मी माझ्या मुलांसमोर हा हातात धरणार नाही."

स्वतःच्या मुलाला कुणी असं बोलतं? मी खाली मान घातली. माझा मित्र मात्र वही घेऊन बसला आणि विचारायला लागला, "कुठं मोडला? मध्ये की टोकाला?"

पुढे हेच ठरून गेलं. मिशनच्या चार-पाच शाळांतले शिक्षक वडिलांच्या ओळखीचे होते. ते आमचे खडू घेत, पण घेताना चिठ्ठी लिहायला विसरत नसत. 'भुकटी फार पडते.' 'ओला माल देऊ नये.' 'निळा रंग मागच्या बाकावरून दिसत नाही.' अशा चिठ्ठ्या तो एका तारेला टोचून ठेवायचा. मला त्या वाचताना अपमान वाटायचा. तो प्रत्येक चिठ्ठीप्रमाणे मिश्रणात काहीतरी बदलून पाहायचा. नाताळपर्यंत आमचा खडू खरोखर चांगला झाला. बाजारातल्यापेक्षाही चांगला, असं त्याच्या वडिलांनी कबूल केलं. त्या दिवशी मला परीक्षेत पहिला आल्यासारखं वाटलं.

हॉस्टेलवर ही बातमी पसरली. माझ्या खोलीत पोरं येऊन बसायला लागली. एकाला फिनेल काढायचं होतं, एकाला शाई. राहात्याकडच्या एकाच्या शेतात पेरू भरपूर. त्याला पेरूची जेली करून बाटल्या भरायच्या होत्या, आणि तो माझ्या मित्राच्या आईला जाऊन रीतही विचारून आला. सहा महिन्यांपूर्वी यांतल्या एकाचाही हात वर आला नव्हता. आमच्यातलाच एक करतोय एवढंच त्यांना पुरलं.

जानेवारीत मामा आले. काही कामासाठी नगरला आले होते, जीप हॉस्टेलच्या फाटकाशी थांबली. मी अंगणातून तसाच सायकलवर आलो होतो, कोपरापर्यंत पांढरा.

"आरं, हे काय? पिठाच्या गिरनीत लागलास का काय?"

मी सगळं सांगितलं. सांगताना छाती फुगली होती, हे आज कबूल करायला हवं. खिशातून एक खडू काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तळहातावर वरखाली करून पाहिला, पण तो कुठे ओढून पाहिला नाही. तेव्हा माझ्या ते ध्यानातच आलं नाही.

"किती शाळा घेत्यात?"

"पाच."

"पाचच?" मामा हसले. मला त्यांनी लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलं होतं. हसले की ते तसेच दिसायचे. "आमचा भाचा आन् पाच शाळा? जरा थांब तू."

आठच दिवसांत त्यांचा माणूस यादी घेऊन आला. आमच्या भागातल्या शाळांची नावं, एकाखाली एक, दोन पानं भरून. महिन्याच्या महिन्याला माल पोचवायचा. मामांचाच माणूस टेम्पोतून नेणार, पैसेही तोच आणून देणार.

आम्ही लेथवाल्या चाचांकडून आणखी दोन साचे करवून घेतले. अंगणात शेजारच्या दोन बायका कामाला आल्या. माझ्या मित्राच्या वडिलांनी यादी चष्म्यातून दोनदा वाचली.

"एवढ्या शाळा. एकीनंही आधी नमुना मागितला नाही?"

"मामांचा शब्द आहे ना," मी म्हणालो.

"शब्द आहे हे दिसतंय. खडू कुणी पाहिलाय का, ते विचारतोय."

मला राग आला. वाटलं, हे जळताहेत. आमच्या माणसानं एका दमात जे केलं ते ह्यांच्या मिशनला कधी जमलं असतं?

माल खपत होता तशी घाई वाढत गेली. पूर्ण वाळायच्या आत खोकी भरली जाऊ लागली. मित्र कुरकुरायचा, मी म्हणायचो, "तक्रार आली की बघू." तक्रार आली नाही. दोन महिने झाले, एक चिठ्ठी नाही. एकदा मी त्याच्या त्या तारेकडे बोट दाखवून म्हणालोसुद्धा, "बघ, आमच्याकडून एकसुद्धा नाही."

हे वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मार्चअखेरीला प्रॅक्टिकल संपलं आणि लेखी परीक्षेला अजून अवधी होता म्हणून चार दिवस मी घरी गेलो. गावात कळलं की मला ज्यांनी पहिलीत अक्षर गिरवायला शिकवलं ते गुरुजी आता तीन-चार मैलांवरच्या एका वस्तीवरच्या शाळेत आहेत. मला वाटलं, रंगीत खडूंचं एक खोकं घेऊन जावं, त्यांना दाखवावं. मुलगा कॉलेजात शिकून स्वतःच्या हातानं खडू करतो. गुरुजींना केवढा आनंद होईल. वडिलांची सायकल काढली आणि सकाळीच निघालो. शाळा सकाळची होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीच्या वाळक्या पळाट्या उभ्या होत्या.

शाळा म्हणजे पत्र्याची एक खोली. चारही वर्ग एकत्र बसलेले. मी चप्पल काढून दारात उभा राहिलो. गुरुजी फळ्याशी होते, केस पार पांढरे झालेले. त्यांनी वळून पाहिलं, क्षणभर डोळे बारीक केले, आणि मग ते सावरून उभे राहिले. टोपी सारखी केली.

"या साहेब," ते म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी पुढे होऊन पायाला हात लावायला वाकलो. ते एक पाऊल मागे सरले.

"गुरुजी, मला ओळखलं नाहीत?"

"ओळखलं की. तुम्ही त्यांचे भाचे." त्यांनी मामांचं नाव घेतलं नाही, नुसतं 'त्यांचे' म्हणाले. मग उपरण्यानं खुर्ची पुसली आणि माझ्यापुढे सरकवली. शाळेत एकच खुर्ची होती.

ज्या माणसानं माझा कान पिरगाळून मला 'ज्ञ' काढायला शिकवलं, तो मला अहो-जाहो करत होता आणि स्वतः उभा होता. मी बसलो नाही. कुठे बघावं कळेना म्हणून इकडेतिकडे पाहिलं, तर खिडकीखाली आमची खोकी रचलेली. जानेवारीची, फेब्रुवारीची, मार्चची. बहुतेकांची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. आणि गुरुजींच्या बोटांत जुन्या, दुसऱ्या खडूचा नखाएवढा तुकडा होता.

"हे वापरत नाही का, गुरुजी?"

ते उत्तर देणार तोच पुढे बसलेली एक लहान मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "त्यो खडू उठतच न्हाई! गुरुजी म्हनले, त्यो वला हाय!"

"गप बस!" गुरुजी ओरडले.

मुलगी दचकली. मीही दचकलो, पण त्यांच्या ओरडण्यानं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. पोरीच्या तोंडून खरं निघून गेलं आणि ते मी ऐकलं, याची भीती. मी वीस वर्षांचा होतो. तोपर्यंत कुणी मला घाबरलं नव्हतं.

त्यांनी मला बाहेर पडवीत आणलं. मुलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "पोरीचं मनावर घेऊ नका. माल चांगलाच असतो. फक्त एक विनंती होती. पुढच्या महिन्यात थोडा कमी पाठवता आला तर... शाळेला खडूसाठी येतं ते कधीच सरलं. आता पगारातूनच भरतो आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

"सगळेच मास्तर. आपल्या भागातले." मग त्यांनी हात जोडले. खरोखर जोडले. "मी नाही म्हणत नाही, साहेब. तसं त्यांच्या कानावर घालू नका. मंडळी अंथरुणाला खिळलेली असते. ह्या वयात अकोले तालुक्याच्या डोंगरात बदली झाली तर तिला घेऊन कुठं जाऊ?"

मी काय बोललो ते मला आठवत नाही. हातातलं रंगीत खडूंचं खोकं कुठे ठेवलं तेही आठवत नाही. सायकल हातात धरून चालत निघालो आणि मैलभर गेल्यावर कळलं की सायकलवर बसायचं राहूनच गेलंय.

घरी न जाता थेट मामांच्या गावी गेलो. ओट्यावर माणसं बसली होती. मी सगळ्यांदेखत विचारलं, "मामा, मास्तर लोक खिशातून पैसे भरतात?"

मामांनी शांतपणे माणसांना वाटेला लावलं. मग मला आत घेऊन गेले, मामीला चहा टाकायला सांगितला.

"मग काय झालं? पगार मिळतो न्हवं त्यांना? एखांदं खोकं घेतलं तर काय उपाशी मरनार हायेत का?"

"तुम्ही त्यांना सांगितलंत, नाही घेतलं तर बदली करीन म्हणून?"

"म्या?" ते खरंच चकित झाले. "आई शप्पत, आसं एका शब्दानं बोललो न्हाई. नुसतं सांगितलं, भाच्यानं खडू काढलेत, घेत जा. बास."

ते खोटं बोलत नव्हते. आणि हेच मला सगळ्यात जास्त लागलं. त्यांना धमकी द्यावीच लागली नव्हती.

"आरं, तुला काय वाटलं," मामा म्हणाले, "लोकं तुझा खडू बघून घेत्यात? लोकं मानूस बघून घेत्यात. आन् ह्ये काय जन्मभर चालवायचं न्हाई. तुझी परीक्षा होऊ दे. कारखान्यात तुझ्या जागेचं बोलून ठेवलंय म्या. तवर पोराची हौस हुतीय तर होऊ द्यावी म्हनलं."

पोराची हौस. साचे, मिश्रणं, उन्हात वाळत घातलेले ते हजारो खडू, माझी फुगलेली छाती, सगळं त्या दोन शब्दांत मावलं होतं. मामीचा चहा तसाच राहिला.

घरी आलो तेव्हा वडील गोठ्यात वैरण टाकत होते. त्यांना सांगितलं. त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले. "गावात समद्यांलाच ठावं हाय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुज्या मामाला कोन बोलनार? आन् तू लई खुशीत हुतास."

नगरला परतल्यावर मी मित्राला एका दमात सगळं सांगितलं. त्याच्या वडिलांनी ऐकलं आणि ते आत जाऊन बसले. कामाच्या बायकांना मित्रानं त्या दिवशी घरी पाठवलं. मग म्हणाला, "सगळा माल परत आणायचा. पैसेही परत द्यायचे. आधी परीक्षा नाही, आधी हे."

दोन साचे विकले, उरलेलं प्लास्टर व्यापाऱ्याला परत केलं, आणि आम्ही दोघं एसटीनं, मग भाड्याच्या सायकलींवर शाळाशाळांतून फिरायला लागलो. वाटलं होतं, मास्तर सुटकेचा श्वास टाकतील. पहिल्या शाळेत हेडमास्तर म्हणाले, "छे छे, आमची काही तक्रार नाही. उत्तम खडू आहेत." दुसऱ्या शाळेत मास्तरांनी खोकी कुलपात असल्याचं सांगितलं आणि किल्ली सापडेना. तिसऱ्या ठिकाणी एका तरुण मास्तरानं मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा, तुमच्या मामांनी पारखायला पाठवलंय का? कोण परत करतंय ते बघायला?"

आम्ही पैसे द्यायला आलो होतो आणि ते घ्यायलाही माणसं भीत होती. माझा चेहराच असा होता की त्यावर कुणाचा विश्वास बसणार नव्हता; त्यावर मामा दिसत होते.

दुपारी एका विहिरीच्या काठावर आम्ही भाकरी खाल्ली. तिथे मित्र म्हणाला, "तू उद्यापासून येऊ नकोस. माझे वडील येतील."

त्याचे वडील आले. त्यांनी प्रत्येक शाळेत जाऊन सांगितलं, मीही मास्तरच आहे, चाळीस मुलांचा वर्ग घेतो, हा माझा मुलगा आहे आणि चूक त्याचीपण आहे. तेव्हा कुलपं उघडली. आठ-दहा दिवसांत बराचसा माल परत आला, पैसे पोचते झाले. ज्यांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत असेही दोघं-तिघं होतेच. गुरुजींकडे मी मात्र स्वतः गेलो. त्यांनी पैसे घेतले, पण मला अहो म्हणणं काही सोडलं नाही.

परीक्षा संपल्यावर मी मित्राला विचारलं, "आता पुन्हा पाच शाळांपासून सुरू करायचं ना?"

तो साचा पुसत होता.

"मी करणार आहे," तो म्हणाला. "तू नको."

"माझं काय चुकलं? मला माहीत होतं का?"

"नव्हतं माहीत. मी कुठं म्हणतो होतं? पण तू असलास की तुझे मामा असणार. आज नाही तर वर्षानं. आमची माणसं माझ्या तोंडावर सांगतात, खडू वाईट आहे म्हणून. तुझ्या माणसांना ते सांगता येत नाही. मग माझा खडू वाईटच राहणार."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. मी त्या अंगणातून बाहेर पडलो तेव्हा त्याची आई नेहमीसारखी म्हणाली, "जेवून जा रे." मला तिच्याकडे बघवलं नाही.

हॉस्टेल रिकामं व्हायला लागलं होतं. फिनेलवाल्यानं बँकेचा फॉर्म भरला होता, शाईवाल्यानं कारखान्याचा. राहात्याचा तो पोरगा ट्रंक बांधत होता. मी जेलीचं विचारलं तर म्हणाला, "जाऊ दे. तुझे मामा होते, तरी तुझं असं झालं. आमचं कोण आहे?" त्याला मी उलटं समजावून सांगायला हवं होतं. सांगायचं मनात शब्दांसकट तयार होतं. पण ज्याचा धंदा सहा महिन्यांत बुडाला त्याचं कोण ऐकतं? ज्यांनी आमच्याकडे बघून मनाशी हात वर केला होता, त्यांनी आमच्याकडे बघूनच तो खाली घेतला.

कारखान्यातली जागा मी घेतली नाही. आईनं अबोला धरला. मी बी.एड. केलं आणि मुद्दाम मामांचा शब्द पोचणार नाही अशा ठिकाणी अर्ज केला. अकोले तालुक्यातल्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवायला लागलो आणि तिथेच निवृत्त झालो. मित्राचा कारखाना बरीच वर्षं चांगला चालला. त्याच्या लग्नाला मी गेलो होतो. आम्ही एकमेकांना पत्रं लिहायचो, पण खडूबद्दल कधी नाही.

मामा मात्र हे विसरले नाहीत. त्यांच्या परीनं. प्रत्येक लग्नकार्यात, चार माणसं जमली की ते माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायचे, "ह्याला म्या धंदा काढून दिला हुता. खडूचा. धडाक्यात चालला हुता. टिकवता आला न्हाई पोराला." माणसं हसायची. मीही हसायचो. पंचवीस वर्षं हसलो.

मग एकदा, माझ्या भावाच्या मुलीच्या लग्नात, मामांनी तेच सुरू केलं. आता ते थकले होते, काठी टेकून चालायचे, ओट्यावरची रीघ कधीच आटली होती. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी हसलो नाही. सगळ्यांसमोर, आवाज न चढवता, वस्तीवरच्या शाळेत काय पाहिलं ते सांगितलं. पुसलेली खुर्ची सांगितली. जोडलेले हात सांगितले.

मामांचा हात माझ्या पाठीवरून हळूहळू खाली आला.

"गुरुजी?" ते म्हणाले. "ते गुरुजी माझ्यासंगं पंगतीला बसायचे. दर साली माझ्या घरी जेवून जायाचे."

"हो."

"त्यांनी तुला हात जोडले?"

"हो, मामा."

मला वाटलं चिडतील. पण त्यांचे डोळे भिरभिरायला लागले, जणू ओट्यावर बसून गेलेली सगळी माणसं एकेक करून आठवताहेत.

"मग मला का न्हाई बोलले?" त्यांनी विचारलं. "एवढी मानसं यायची. एकानं बी कसं न्हाई सांगितलं मला?"

मी त्यांच्यासाठी पाणी आणायला उठलो.